आवाज बसतो तेव्हा

मराठी भाषेत आवाज नाना तऱ्हांनी वागतो. रागावलेल्या माणसाचा आवाज चढतो, समजूत पटली की तो उतरतो. गवयाचा आवाज लागतो. निरोपाच्या वेळी कंठ दाटून येतो. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याचा आवाज फुटतो. आणि सर्दी-पडसे झाले, किंवा सामन्यात ओरडून ओरडून घसा शिणला, की आवाज बसतो. भाषेने हे शब्दप्रयोग उगाच घडविले नाहीत. आवाज ही आपल्या शरीराची एक नाजूक क्रिया आहे आणि तिच्यात होणारा प्रत्येक बदल आपल्याला काही तरी सांगत असतो, हे आपल्या पूर्वजांनी कानांनी टिपले होते. या पाठात आपण बसलेला आवाज काय सांगतो, हे समजून घेऊ.

आवाजाची किंमत तो असतो तोवर कळत नाही. ठाणे जिल्ह्यात, कल्याणच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या काठी मोहने नावाचे गाव आहे. आंबिवली हे त्याचे जवळचे रेल्वेस्थानक. हे गाव आता कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. तेथे एखाद्या सकाळी नुसते कान देऊन उभे राहा. भाजीवाली आपल्या मालाचे नाव घेऊन साद घालते. रिक्षावाला स्थानकाकडे जाणाऱ्यांना हाक मारतो. शाळेत प्रार्थना सुरू होते आणि मागून शिक्षकांचा स्वर वर्गावर्गांतून ऐकू येतो. संध्याकाळी देवळात भजनाला रंग चढतो. या सर्वांची हत्यारे निरनिराळी दिसली, तरी एक हत्यार सर्वांचे सारखेच आहे. ते म्हणजे गळा. मोहन्यातील रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. तोवर त्याने अनेक घरे पोसली. मोठ्या कारखान्यात यंत्रांचा घरघराट चालू असला, की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही ओरडून सांगावे लागते. तेथेही गळ्यालाच राबावे लागते. ज्याचे पोट आवाजावर चालते, त्याचा आवाज बसला म्हणजे कुंभाराचे चाक थांबल्यासारखेच होय.

आता हा आवाज निघतो कोठून, ते पाहू. तुमच्या गळ्याच्या पुढच्या बाजूस, मध्यभागी दोन बोटे हलकेच ठेवा आणि ‘म्’ हा वर्ण लांबवून म्हणा. बोटांना थरथर जाणवेल. आता ‘स्’ हा वर्ण लांबवा. थरथर थांबेल. व्याकरणात आपण वर्णांचे घोष आणि अघोष असे दोन भेद शिकतो. त्या भेदाचे मूळ या थरथरीत आहे. गळ्यात श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र असते. त्यात आडवे पसरलेले दोन लवचिक पडदे असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. मोठ्या माणसातही त्यांची लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर भरते. आपण श्वास घेतो तेव्हा ते एकमेकांपासून दूर होतात आणि हवेला वाट देतात. आपण बोलू लागलो की ते जवळ येतात आणि फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेने थरथरू लागतात. पुरुष बोलत असता हे तंतू एका सेकंदात सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा, स्त्री बोलत असता सुमारे दोनशे वेळा आणि लहान मूल बोलत असता अडीचशे किंवा त्याहून अधिक वेळा कंप पावतात. म्हणूनच मुलांचा आवाज उंच आणि बारीक असतो.

हे दोन पडदे मऊ, ओलसर आणि कडांशी सरळ असले, म्हणजे ते एकमेकांना नीट मिळतात आणि आवाज स्वच्छ निघतो. त्यांना सूज आली, त्यांच्या कडेवर गाठ उठली, किंवा त्यांपैकी एक नीट हलेनासा झाला, की मधे फट राहते. त्या फटीतून हवा निसटते, कंप अनियमित होतो आणि आवाज घोगरा किंवा खरखरीत होतो. कधी कधी तर शब्दांऐवजी नुसती हवाच बाहेर पडते. यालाच आपण आवाज बसणे म्हणतो. तेव्हा आवाज बसणे हा स्वतंत्र रोग नव्हे. ते एक लक्षण आहे. धूर दिसला म्हणजे कोठे तरी काही जळत आहे असे आपण समजतो. मग ती चूल आहे की वणवा, हे जवळ जाऊन पाहावे लागते. बसलेल्या आवाजाचेही तसेच आहे.

बहुतेक वेळा ती चूलच असते. सर्दी-खोकल्याच्या साथीत स्वरतंतूंना सूज येते आणि आवाज बसतो. दहीहंडीच्या दिवशी, गणपतीच्या मिरवणुकीत, कबड्डीच्या सामन्यात तासन् तास ओरडले, तर दुसऱ्या दिवशी शब्द फुटत नाही. असा आवाज आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप सुधारतो. त्याला हवी असते विश्रांती. पाय मुरगळला तर आपण त्यावर भार देत नाही. तसेच स्वरतंतूंचे आहे. कमी बोलावे, दुरून हाका मारू नयेत, पाणी वरचेवर प्यावे, धूर आणि धूळ टाळावी. पुष्कळांना वाटते, की आवाज बसला असता कुजबुजत बोलावे. परंतु जोर लावून कुजबुजल्यानेही गळ्यावर ताण पडतो. बोलणे अगदी आवश्यक असेल, तर हळू, सहज स्वरात बोलावे. सारखे खाकरून घसा साफ करू नये. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि सूज वाढते.

घरोघरी या वेळी आजीचा बटवा उघडतो. ज्येष्ठमधाची कांडी, आल्याचा रस आणि मध, हळद घातलेले दूध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. यांनी घशाला बरे वाटते, खवखव कमी होते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेत जाते; स्वरतंतू आहेत श्वासनलिकेच्या तोंडाशी. गिळताना निसर्ग ती वाट झाकून टाकतो, म्हणून तर आपल्याला ठसका लागत नाही. तेव्हा कोणताही काढा किंवा गोळी स्वरतंतूंवर जाऊन लेप देत नाही. घरगुती उपायाने आराम मिळतो. तेवढे त्याचे श्रेय त्याला द्यावे. वाफ घ्यायची झाली, तर मोठ्या माणसांच्या देखत घ्यावी, कारण उकळते पाणी सांडून भाजण्याचा धोका असतो. आणि शेजाऱ्याला दिलेल्या औषधाच्या उरलेल्या गोळ्या आपण घेऊ नयेत. सर्दीने बसलेला आवाज बहुधा विषाणूंमुळे बसलेला असतो आणि प्रतिजैविक औषधांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही.

तुमच्या वयात आणखी एका कारणाने आवाज बदलतो, आणि त्यात रोग मुळीच नाही. बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात. काही महिने आवाज हातात राहत नाही. बोलता बोलता तो एकदम चिरकतो किंवा खाली घसरतो. मुलींच्या आवाजातही थोडा फरक पडतो, पण तो इतका जाणवत नाही. वर्गात एखाद्याचा आवाज असा चिरकला, की बाकीचे हसतात. त्यांनी भास्करबुवा बखले यांचे चरित्र आठवावे. बुवा लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत होते आणि त्यांच्या गोड गळ्याचे कौतुक होत असे. पुढे वयपरत्वे त्यांचा आवाज फुटला आणि मंडळीतील त्यांचा मान गेला. त्यांनी मंडळी सोडली. पण गाणे सोडले नाही. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्यासारख्या उस्तादांजवळ त्यांनी वर्षानुवर्षे विद्या घेतली. १९११ साली पुण्यात त्यांनी स्थापन केलेली संस्था पुढे भारत गायन समाज या नावाने प्रसिद्धीस आली. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. फुटलेला आवाज हा संपलेला आवाज नसतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

बुवांचे एक गुरू अल्लादिया खाँ यांची हकीकत मात्र सावध करणारी आहे. तरुणपणी एका संस्थानिकाच्या दरबारी असता त्यांना वेळी-अवेळी, थकलेल्या गळ्यानेही सतत गावे लागले. त्या अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला. तो पुष्कळ काळाने परत आला, पण पूर्वीचा राहिला नाही. खाँसाहेब खचले नाहीत. जो आवाज उरला होता, त्याला साजेल अशी नवी गायकी त्यांनी घडविली. तीच जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी होय. पुढे ते कोल्हापुरास शाहू महाराजांच्या दरबारी गवई झाले आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका त्यांच्या तालमीत तयार झाल्या. त्यांची प्रतिभा असामान्य म्हणून नुकसानीतून नवे वैभव निर्माण झाले. पण थकलेल्या गळ्याकडून जबरदस्तीने काम घेतले, तर तो गळा रुसून बसतो, हा नियम मोठ्या उस्तादालाही चुकला नाही.

बसलेल्या आवाजाचे खरे कारण जाणण्यासाठी स्वरतंतू डोळ्यांनी पाहावे लागतात. गळ्याच्या त्या अंधाऱ्या वळणापलीकडे पाहण्याची युक्ती रूढ केली ती एका गायनशिक्षकाने. त्याचे नाव मॅन्युएल गार्सिया. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा चिमुकला आरसा आपल्या घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढल्या वर्षी त्याने हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. डॉक्टरांनी ती युक्ती उचलली आणि घशाच्या रोगांचे ज्ञान वाढू लागले. आज कान-नाक-घसा यांचे डॉक्टर तसाच आरसा, किंवा नाकातून अथवा तोंडातून सोडलेली दुर्बिणीची बारीक नळी वापरतात. ही तपासणी बहुधा काही मिनिटांत उरकते. तिची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आता मुख्य प्रश्न. डॉक्टरांकडे केव्हा जावे? याचे उत्तर सोपे आहे, दिवस मोजावेत. आवाज बसून तीन आठवडे झाले आणि तो सुधारला नाही, तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. मग घसा दुखत असो वा नसो.

एक उदाहरण घेऊ. मोहन्यातील एका घरात आजोबा आहेत, असे समजा. आयुष्यभर त्यांनी कष्ट केले. बिडीची सवय त्यांना तरुणपणीच लागली. दिवाळीपासून त्यांचा आवाज घोगरा झाला आहे. घरातील कोणी म्हणते, हवा पालटली. कोणी म्हणते, थंड पाणी प्यालात. आजोबा स्वतः म्हणतात, “अरे, या वयात आवाज असाच व्हायचा. दुखत तर काही नाही!” अशा गोष्टींत संक्रांत येते. सर्वांना त्या आवाजाची सवय होऊन जाते. सातवीत शिकणाऱ्या नातीने मात्र हा पाठ वाचला आहे. ती दिनदर्शिका आणते, दिवाळीवर बोट ठेवते आणि म्हणते, “आजोबा, दोन महिने होऊन गेले. आपण उद्या दवाखान्यात जायचे.” या नातीने जे केले, ते प्रत्येक घरात कोणी तरी करावयास हवे.

तिची घाई योग्य का, ते सांगतो. जे बिडी-सिगारेट ओढतात, तंबाखू खातात किंवा मद्य पितात, त्यांना स्वरयंत्राचा कर्करोग होण्याचा धोका अधिक असतो. स्वरतंतूंवर तो सुरू झाला, तर त्याचे पहिले लक्षण बहुधा आवाज बसणे हेच असते, आणि त्या वेळी दुखत नाही. न दुखणे ही येथे खुशालीची खूण नव्हे. अशा वेळी रोग ध्यानात आला, तर तो बहुतेकदा बरा होतो आणि पुष्कळदा आवाजही राखता येतो. उशीर झाला, तर जीव वाचविण्यासाठी कधी कधी सारे स्वरयंत्र काढून टाकावे लागते. मुंबईस परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून कर्करोगावर उपचार करीत आहे. तेथवर जाण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही. बसलेल्या आवाजांपैकी बहुसंख्य साध्या कारणांनीच बसलेले असतात. पोटातील आम्ल घशाशी येणे, सतत ओरडून स्वरतंतूंवर घट्टे पडणे, गलग्रंथीचा विकार, अशी ती कारणे असू शकतात. परंतु साधे कोणते आणि गंभीर कोणते, हे घरात बसून अंदाजाने ठरविता येत नाही.

काही प्रसंगी तीन आठवडेही थांबू नये. बसलेल्या आवाजाबरोबर थुंकीतून रक्त पडत असेल, मानेवर गाठ आली असेल, गिळताना त्रास होत असेल, वजन घटत असेल, किंवा मानेला मार लागल्यानंतर अगर मानेवरील शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलला असेल, तर लवकरात लवकर डॉक्टरांना भेटावे. आणि श्वास घेताना धाप लागत असेल, घशातून शिटीसारखा आवाज येत असेल, लाळही गिळता येत नसेल, किंवा खेळता खेळता लहान मुलाने शेंगदाणा, मणी, बटण असे काही तोंडात घातले आणि एकाएकी त्याला ठसका लागून आवाज बदलला, तर क्षणाचाही विलंब करू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक फिरविला की रुग्णवाहिका येते.

लहान मुलांचा घात करणारा एक जुना रोग येथे सांगितला पाहिजे. तो म्हणजे घटसर्प. त्यात ताप येतो, आवाज बसतो, घशात करड्या रंगाचा पापुद्रा धरतो, मान सुजते आणि श्वास कोंडतो. एके काळी या रोगाने घरेच्या घरे मुलांवाचून सुनी केली. एमिल फॉन बेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाला वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली मिळाले, ते घटसर्पावरील रक्तद्रवाच्या उपचाराबद्दल. आज या रोगावर लस आहे. बालपणीच्या मात्रांनंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी तिची मात्रा पुन्हा घ्यावयाची असते. तुमची दहाव्या वर्षाची मात्रा घेऊन झाली आहे का, हे आज घरी गेल्यावर विचारा.

डॉक्टरांकडे जायचे म्हणजे मोठा खर्च, अशी धास्ती पुष्कळांना वाटते. पहिली पायरी जवळच असते. आपला नेहमीचा डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र, किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर यांसारखे महानगरपालिकेचे रुग्णालय. पुढील तपासणी लागल्यास कोठे जावे, ते तेथे सांगतात. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: आवाज कोणत्या दिवसापासून बसला, तो सतत बसलेला आहे की मधूनच सुधारतो, बरोबर दुसरा काही त्रास आहे का, आणि तंबाखूची सवय आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लपवू नये. डॉक्टर ते दोष देण्यासाठी विचारीत नाहीत. उपचाराची दिशा त्यावर ठरते. गाठी किंवा घट्टे असतील, तर वाचा-उपचारतज्ज्ञ बोलण्याची योग्य रीत शिकवितात आणि पुष्कळदा तेवढ्याने आवाज सुधारतो.

मुलांनो, आपण माणसाला त्याच्या आवाजावरून अंधारातही ओळखतो. दारावर थाप पडली आणि आतून “कोण?” असे विचारले, की बाहेरचा नाव न सांगता नुसते “मी” म्हणतो, आणि तेवढ्यावर कडी निघते. घरातल्या माणसांचा आवाज आपल्या इतका ओळखीचा असतो. म्हणून तो बदलला, की सर्वांत आधी कळते तेही आपल्यालाच. डॉक्टरांना तो मूळचा आवाज कसा होता, हे ठाऊक नसते. तो आपल्याला ठाऊक असतो. तेव्हा कान जागे ठेवा, दिवस मोजा, आणि वेळ आली तर धीटपणे बोला. दुसऱ्याच्या आवाजासाठी आपला आवाज वापरणे, यासारखा त्याचा सदुपयोग नाही.

अभ्यास

१. ‘आवाज बसणे हा स्वतंत्र रोग नव्हे; ते एक लक्षण आहे.’ हे विधान धूर, चूल आणि वणवा यांच्या दृष्टांताने स्पष्ट करा.

२. काढा किंवा गोळी गिळल्याने स्वरतंतूंवर लेप का बसत नाही?

३. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांच्या हकीकतींत साम्य कोणते आणि भेद कोणता?

४. आजोबा म्हणतात, “दुखत तर काही नाही!” नातीने त्यांना काय उत्तर द्यावे, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: आवाज चढणे, आवाज फुटणे, आवाज बसणे, कंठ दाटून येणे, गळा काढणे.

६. गळ्यावर बोटे ठेवून क्, ग्, स्, म् हे वर्ण उच्चारा. त्यांतील घोष कोणते व अघोष कोणते, ते वहीत लिहा.

७. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक दिवस बसलेला आहे काय? असल्यास हा पाठ त्यांना वाचून दाखवा.